पुणे रेडिओ शेतकरी मंडळ प्रयोग

पुणे रेडिओ शेतकरी मंडळ प्रयोग हा १९५६ साली तत्कालीन मुंबई राज्यातील मराठी भाषक खेड्यांमध्ये राबवण्यात आलेला ग्रामीण नभोवाणीचा प्रयोग होता. आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तो हाती घेतला. गावातील निवडक ग्रामस्थांनी एकत्र बसून रेडिओवरील कार्यक्रम ऐकावा, त्यातील विषयावर चर्चा करावी आणि शक्य असल्यास गावापुरता निर्णय घ्यावा, असे त्याचे स्वरूप होते. विकासविषयक संज्ञापनाच्या अभ्यासात हा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी
या प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातील 'नॅशनल फार्म रेडिओ फोरम' या कार्यक्रमावरून घेण्यात आली. कॅनडाचे सार्वजनिक प्रसारण महामंडळ, तेथील प्रौढशिक्षण संघटना व शेतकरी महासंघ यांनी १९४१ मध्ये तो सुरू केला आणि १९६५ पर्यंत तो चालू होता. शेजारपाजारची शेतकरी कुटुंबे एखाद्या घरी जमत, छापील पत्रक वाचत, प्रसारण ऐकत व नंतर चर्चा करत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' या आशयाचे त्याचे ब्रीद होते. युनेस्कोने १९५४ मध्ये या उपक्रमावरील अभ्यास प्रसिद्ध केला.

भारतात त्या वेळी सामुदायिक विकास कार्यक्रम (१९५२) सुरू झालेला होता. सुधारित शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीची माहिती खेड्यांपर्यंत पोहोचवणे हे त्यातील मोठे आव्हान होते. बहुसंख्य ग्रामस्थ निरक्षर असल्याने छापील साहित्याला मर्यादा होत्या. काही गावांत सामुदायिक रेडिओ संच होते. परंतु संच असणे म्हणजे गावाने ऐकणे, आणि ऐकणे म्हणजे समजणे, असे गृहीत धरता येत नव्हते. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक आणि हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांचा या प्रयोगात पुढाकार होता.

स्वरूप व कार्यपद्धती
प्रयोगासाठी पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, असे एकूण २० कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. शेती, पशुपालन, आरोग्य, साक्षरता आणि गावाचा कारभार असे त्यांचे विषय होते.

प्रत्येक गावात सुमारे २० सभासदांचे मंडळ असे. सभासद ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत आणि प्रसारण संपताच चर्चेला बसत. चर्चेचा वृत्तान्त व उपस्थित झालेले प्रश्न आकाशवाणीकडे पाठवले जात आणि त्यांना पुढील प्रसारणांतून उत्तरे दिली जात. त्यामुळे एरवी एकतर्फी असणारे हे माध्यम काही अंशी दुतर्फी झाले.

मूल्यमापन
मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली ते झाले. मंडळे असलेली काही गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर ग्रामस्थांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या माहितीतील फरक तपासण्यात आला.

मंडळे असलेल्या गावांमध्ये ज्ञानात लक्षणीय वाढ आढळली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ही वाढ फारच अल्प होती. केवळ प्रसारणापेक्षा प्रसारणाला जोडलेली सामूहिक चर्चा परिणामकारक ठरते, हा या प्रयोगाचा मुख्य निष्कर्ष होय. निरक्षर सभासदांनाही मंडळांचा लाभ झाल्याचे दिसून आले.

दुसरा निष्कर्ष काहीसा अनपेक्षित होता. अनेक मंडळे केवळ श्रोत्यांचे गट न राहता निर्णय घेणारी व्यासपीठे बनली. विहीर खोदणे, जातिवंत वळू वा लेगहॉर्न कोंबड्या आणणे, बालवाडी सुरू करणे असे ठराव त्यांतून झाले. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांच्या मधले असे काहीसे स्थान त्यांना लाभले. माथुर व नॉयरॅथ यांनी लिहिलेला प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

विस्तार व मर्यादा
प्रयोगाच्या यशानंतर १९५९ पासून ही योजना देशभर राबवण्यास प्रारंभ झाला. आफ्रिकेत घाना येथे १९६४-६५ मध्ये अशाच धर्तीचा प्रयोग करण्यात आला.

मात्र देशव्यापी विस्तारात मूळ प्रयोगाची गुणवत्ता टिकली नाही. पुण्याच्या प्रयोगात गावे मोजकी, कालावधी थोडा आणि देखरेख बारकाईची होती. मंडळांची संख्या वाढल्यावर प्रत्येक गावाशी तसा संपर्क ठेवणे अवघड झाले. नादुरुस्त संच, अपुरे कर्मचारी आणि विलंबाने मिळणारी उत्तरे यांमुळे अनेक मंडळे नावापुरतीच उरली. प्रश्न विचारूनही उत्तर मिळेनासे झाले, की मंडळात जमण्याचे प्रयोजनच संपे.

वारसा
१९६६ पासून आकाशवाणीने निवडक केंद्रांवर शेती व गृहविभाग स्थापन केले. पुढे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ साली सुरू झालेले 'माणदेशी तरंग' हे अशा केंद्रांपैकी एक आहे. या केंद्रांमध्ये कार्यक्रमाची निर्मितीही स्थानिक लोकांकडे असते, हा १९५६ च्या प्रयोगापेक्षा असलेला महत्त्वाचा फरक होय. त्या वेळी विषय आकाशवाणी ठरवत असे आणि चर्चा गाव करत असे.

हेसुद्धा पहा
आकाशवाणी
सामुदायिक रेडिओ
ग्रामसभा
सामुदायिक विकास कार्यक्रम