दोन मुक्त परवान्यांचा बेबनाव आणि समेट

ज्ञान सर्वांसाठी मोकळे करावयाचे एकदा ठरले की मग कायद्याचा प्रश्न उरत नाही, असा समज आमच्या शिक्षकबंधूंत पुष्कळदा आढळतो. आमचाही बराच काळ तसाच समज होता. परंतु विकिपीडिया या ज्ञानकोशाची २००१ ते २००९ या आठ वर्षांची हकिकत पाहिली म्हणजे दोन्ही घरांची दारे सताड उघडी असूनही एका घरातून दुसऱ्यात जाता येऊ नये, अशी स्थिती कशी उत्पन्न होते हे ध्यानात येते.

या हकिकतीचे मूळ संगणकाच्या आज्ञावल्यांत आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी गृहस्थांनी १९८३ साली ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली. स्वामित्वहक्क नुसता सोडून दिला तर कोणीही ती आज्ञावली उचलून, तीत चार ओळींची भर घालून, आपल्या कुलुपात ठेवू शकतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून हक्क न सोडता हक्काच्याच जोरावर त्यांनी अट घातली : वापरा, बदला, वाटा; मात्र बदललेली कृती वाटावयाची तर ती याच परवान्याखाली वाटा. १९८९ साली जीपीएल या नावाने हा परवाना प्रसिद्ध झाला. युक्ती मोठी नामी होती. परंतु तिच्यातील ‘याच’ या शब्दातच पुढील बेबनावाचे बीज होते. उद्या दुसऱ्या एखाद्या तितक्याच उदार मनुष्याने स्वतःचा परवाना रचला आणि त्यातही ‘याच’ असे लिहिले, तर दोघांच्या कृती एकत्र करणाराने कोणाचा ‘याच’ पाळावा?

आज्ञावल्यांबरोबर द्यावयाच्या माहितीपुस्तकांसाठी याच संस्थेने २००० साली जीएफडीएल हा निराळा परवाना काढला. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने तो स्वीकारला. पण हा परवाना छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून रचलेला. मुखपृष्ठ, इतिहासाचे प्रकरण, न बदलता येणारे भाग यांची त्यात तपशीलवार व्यवस्था; आणि प्रत्येक प्रतीबरोबर परवान्याचा संपूर्ण मजकूर देण्याची सक्ती. एखाद्या गुरुजींनी वर्गात वाटण्यासाठी पानभर लेखाच्या प्रती काढल्या, तर नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाच्या हाती कित्येक पानांची कायद्याची पोथीही द्यावयास हवी. लेख वामन आणि परवाना त्रिविक्रम, असा हा प्रकार.

इकडे लॉरेन्स लेसिग आदी कायदेपंडितांनी २००१ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था काढली व डिसेंबर २००२ मध्ये आपले पहिले परवाने जाहीर केले. त्यांपैकी एकाची अट हेतूने तंतोतंत स्टॉलमनांसारखीच : मूळ लेखकाचे नाव द्या आणि नवी कृती त्याच अटींवर वाटा. परवान्याचा मजकूर मात्र जोडावयास नको, त्याचा पत्ता दिला की पुरे. साहजिकच चित्रकार, छायाचित्रकार, अध्यापक यांचा ओघ तिकडे वळला. परिणाम असा झाला की एकाच ध्येयाच्या या दोन कुळांत रोटीबेटी व्यवहार बंद पडला. क्रिएटिव्ह कॉमन्सखालचा उत्तम लेख विकिपीडियात मिसळता येईना, विकिपीडियातला तिकडे नेता येईना.

परवाना बदलावा, तर प्रत्येक लेखक आपापल्या ओळींचा स्वामी. हजारो लेखक, कित्येक निनावी, काही दिवंगत. त्यांची संमती कोणी आणि कशी मिळवावी? येथे एक लहानसा वाक्यांश उपयोगी पडला. विकिपीडियातील मजकूर ‘आवृत्ती १.२ किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ या शब्दांत दिलेला होता. अर्थात किल्ली होती ती नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार असलेल्या संस्थेकडे. १ डिसेंबर २००७ रोजी विकिमीडियाच्या विश्वस्तांनी तिला ठरावाने विनंती केली. आणि ३ नोव्हेंबर २००८ रोजी आवृत्ती १.३ निघाली. अनेकांनी मिळून लिहिलेल्या संकेतस्थळांना १ ऑगस्ट २००९ पूर्वी क्रिएटिव्ह कॉमन्सकडे जाण्याची मुभा तीत होती. मात्र अन्यत्र प्रथम प्रसिद्ध झालेला मजकूर १ नोव्हेंबर २००८ पूर्वीच कोशात आलेला असला पाहिजे, अशी अट होती. म्हणजे घोषणा झाली तेव्हा ती तारीख उलटून गेलेली! या वाटेने भलताच माल आत येऊ नये यासाठीची ही दक्षता आम्हांस फार मार्मिक वाटते.

त्यानंतर सदस्यांचे मत घेण्यात आले. १७,४६२ मतांपैकी १३,२४२ अनुकूल, १,८२९ प्रतिकूल पडली. बाकीच्यांनी मत नाही असे कळविले. जून २००९ मध्ये बदल अंमलात आला आणि २००३ पासून चालत आलेला मराठी विकिपीडियाही त्याबरोबर नव्या परवान्याखाली गेला.

त्या १,८२९ जणांना आम्ही हटवादी म्हणणार नाही. २००२ साली एका अटीवर लिहिलेला लेख सात वर्षांनी दुसऱ्या अटीवर गेला. लेखकाने ‘त्यानंतरची कोणतीही’ हे मान्य केले होते, तेव्हा कायद्याने तक्रारीला जागा नाही. परंतु न लिहिलेल्या दस्तऐवजावर आगाऊ सही देणे ही साधी गोष्ट नव्हे. लिनक्सचे कर्ते लिनस टोरव्हाल्ड्स यांनी नेमकी हीच सही दिली नाही. त्यांची गाभ्याची आज्ञावली जीपीएलच्या केवळ दुसऱ्या, म्हणजे १९९१ च्या आवृत्तीखाली आहे. २००७ ची तिसरी आवृत्ती तिला लागू करावयाची तर असंख्य लेखकांची संमती हवी. त्यामुळे २००४ च्या अपाची परवान्याखालील मजकूर, जो फाउंडेशनच्या मते तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो पण दुसरीशी नाही, त्याला तेथे अडसर राहिला. टोरव्हाल्ड्स यांनी विश्वास राखून ठेवला आणि त्याची किंमतही मोजली. आमचे मत विचाराल तर ज्ञानकोशाने पत्करलेला धोका अधिक फलदायी ठरला.

आमच्या शेजारचेच उदाहरण घ्या. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ३.० परवान्याखाली मोकळा केला. समेट झाला नसता तर हा कोश विकिपीडियाच्या दाराशी अडकून पडला असता. शैक्षणिक संस्थांत अशा वेळी ‘केवळ बिगरव्यापारी उपयोगासाठी’ हे शब्द घालावेत अशी सूचना हटकून येते. ती सद्हेतूने केलेली असते, पण त्या एका अटीने मजकूर या कोशात मिसळण्यास अपात्र होतो. विद्यापीठाने ती घातली नाही. २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया उघडला, तेव्हा हा संग्रह त्याला उपलब्ध होता.

जून २०२३ मध्ये विकिपीडियाने ४.० हा परवाना स्वीकारला. ३.० मध्येच पुढील आवृत्तीची सोय असल्याने विश्वकोशाचा मजकूर आजही तिकडे जाऊ शकतो. उलट वाट मात्र नाही. तेथे इतरांनी केलेल्या सुधारणा कोशाच्या पुढील आवृत्तीत घ्यावयाच्या झाल्यास विद्यापीठाला ती आवृत्ती ४.० खाली काढावी लागेल.