पारावरचे पाच आणि कोर्टातले नऊ

परवा चितेगावला गेलो होतो. गप्पांत बांधाचा विषय निघाला. (घरचे वाचत असतील, म्हणून नावं घेत नाही!) आजोबांच्या वेळी बांध कुणी कोरला हे पारावरच्या पाच जणांनी ठरवलं, आणि निकाल आमच्या विरुद्ध गेला. आजोबांनी तो मुकाट्याने मानला. का, तर त्या पाचही जणांनी तो बांध लहानपणापासून पाहिलेला होता.

परत येताना मला ज्यूरी आठवली. मुळात इंग्लंडातली ज्यूरीही अशीच, माहितगार शेजाऱ्यांची होती. पुढे उलटं झालं, काहीच माहीत नसलेला माणूस निःपक्षपाती ठरला. कायदा न्यायाधीशाने सांगायचा, खरं काय घडलं ते ज्यूरीने ठरवायचं. आपल्याकडे एकमताची सक्तीही नव्हती, बहुमत चालायचं.

आता 1908 चा टिळकांचा खटला बघा. न्यायमूर्ती दावर, म्हणजे 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले तेच! समोर नऊ ज्यूरर, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांच्या हाती इंग्रजी भाषांतर. टिळक स्वतः 21 तासांहून अधिक बोलले, त्यात भाषांतर कसं चुकलंय हेही समजावलं. 22 जुलैच्या रात्री निकाल आला: सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षं काळं पाणी. 1897 मध्येही सहा युरोपियन आणि तीन हिंदी ज्यूरर होते, आणि निकाल सहा विरुद्ध तीन. हिशेब तुम्हीच करा.

त्याच मुंबईत 1959 मध्ये ज्यूरीने नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या एका खटल्याने ज्यूरी गेली असं सगळे म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. विधी आयोगाने 1958 मध्येच ती बंद करा असं सुचवलं होतं. 1974 मध्ये नवी फौजदारी संहिता लागू झाली, तिच्यात ज्यूरी नव्हतीच. पारशी घटस्फोटाच्या कोर्टात मात्र न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी अजूनही बसतात.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, "का रे, टिळकांच्या बाजूने मत दिलेले ते दोघं त्या रात्री घरी जाऊन काय बोलले असतील?"