अश्वहृदय आणि अक्षहृदय

नागपुरास टर्फ क्लबच्या शर्यती होत नाहीत. महाराष्ट्रात त्या मुंबईस हिवाळ्यात आणि पुण्यास पावसाळ्यात होतात, आणि शर्यतीचे पुस्तक हाती घेऊन दिवसाच्या सात-आठ धावांतून सात-आठ विजेते हुडकणारा शौकीन आपल्या कथा-कादंबऱ्यांतही बहुधा मुंबईकरच असतो. तरीही या पुस्तकाविषयी लिहिताना आम्हांस विदर्भापासून आरंभ करावासा वाटतो. धावण्याआधीच घोडा ओळखावा आणि फासा पडण्याआधीच त्याचे दान ओळखावे, या दोन विद्यांची गाठ जिथे प्रथम पडली ती वाट महाभारताने विदर्भाकडे येणारी म्हणून सांगितली आहे.

घोडा या भूमीस नवा नव्हता. नागपूरच्या परिसरातली जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही शिलावर्तुळांची स्थळे पुरातत्त्वज्ञांना सुपरिचित आहेत. जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच उकरून पाहिली होती. पुढे शां. भा. देव यांनी १९६८ नंतरच्या दशकात टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे पद्धतशीर उत्खनने केली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या या दफनांत माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष, लोखंडी लगामाच्या कड्या आणि घोड्याच्या मस्तकावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. मृताबरोबर जो घोडा पुरायचा तोही कोणीतरी निवडला असेलच. कोणत्या खुणा पाहून, हे मात्र दगड सांगत नाहीत. त्यासाठी ग्रंथांकडे वळावे लागते.

वनपर्वातले नलोपाख्यान युधिष्ठिरास ऐकवले जाते ते त्याने द्यूतात सर्वस्व गमावल्यावर, आणि ऐकवणाऱ्या ऋषीचे नाव बृहदश्व, म्हणजे मोठ्या घोड्यांचा धनी. श्रोता फाशांनी बुडालेला आणि वक्ता नावातच अश्व वागवणारा, हा योग आम्हांस केवळ आकस्मिक वाटत नाही. कथेचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक आहे. उत्तरार्धात राज्यभ्रष्ट नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होऊन राहतो. दमयंतीने रचलेल्या युक्तीनुसार निरोप येतो की तिचे दुसरे स्वयंवर उद्याच सूर्योदयाला आहे. कुंडिनपुरास एका दिवसात पोहोचले पाहिजे. राजा बाहुकाला घोडे निवडायला सांगतो.

बाहुक पागेत जाऊन पुन्हा पुन्हा घोडे पारखतो आणि निवडतो ते कृश घोडे. अंगाने रोड, पण तेज आणि बळ असलेले, रुंद नाकपुड्यांचे, मोठ्या जबड्यांचे, अशुभ लक्षणांपासून मुक्त, दहा भोवऱ्यांनी शुद्ध ठरलेले, सिंधू देशात जन्मलेले. राजा रागावतो. असल्या मरतुकड्या जनावरांनी एवढी वाट कशी कापायची, माझी फसवणूक करतोस काय, असे त्याचे म्हणणे. बाहुक सांगतो की हेच पोहोचतील, तुम्हांला दुसरे हवे असतील तर ते दाखवा, मी तेच जोडतो. राजा नमते घेतो. अश्वतत्त्व तुला कळते, तेव्हा निवड तूच कर. एकीकडे गुबगुबीत घोड्यावर भुलणारे डोळे आणि दुसरीकडे खुणा वाचणारे डोळे, हा फरक या प्रसंगात जितका स्वच्छ उतरला आहे तितका शर्यतीवरच्या पुष्कळ आधुनिक लेखनात उतरलेला नाही.

रथ धावू लागतो. राजाचे उत्तरीय खाली पडते आणि ते उचलायला थांब म्हणेपर्यंत एक योजन मागे पडलेले असते. सारथ्याच्या या विद्येपुढे ओशाळलेला राजा मग आपली विद्या काढतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. जमिनीवर गळलेली पाने झाडावरच्या पानांहून किती अधिक हे तो सांगतो, आणि दोन फांद्यांवर पाच कोटी पाने व २०९५ फळे आहेत असे चालत्या रथातून जाहीर करतो. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडून फळे मोजू लागतो. राजाची घालमेल होते, स्वयंवराची वेळ टळेल ही भीती. बाहुक म्हणतो, घाई असेल तर वार्ष्णेयाला सारथी करून पुढे व्हा. राजाला ते शक्य नसते. मोजणी होते, आकडा तंतोतंत निघतो. बेहडाच का, याचेही उत्तर परंपरेत आहे. वैदिक काळातले फासे याच झाडाच्या फळांचे असत, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त त्याची साक्ष देते.

मग विनिमय ठरतो. ऋतुपर्णाने अक्षहृदय द्यायचे, नलाने अश्वहृदय. राजा आपली विद्या तिथेच देतो आणि नलाचे देणे मात्र तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे असे म्हणतो. अक्षविद्या मिळताच नलाच्या देहातून कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. इयन हॅकिंग यांनी संभाव्यताविचाराच्या उगमावर १९७५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ही कथा घेतली आहे. त्यांचे लक्ष तिच्याकडे वेधण्याचे श्रेय वॉटर्लू विद्यापीठातले मराठी संख्याशास्त्रज्ञ विद्याधर गोडंबे यांचे. दोन फांद्या पाहून सगळ्या झाडाचा अंदाज घेणे आणि फाशांचे दान ओळखणे या दोहोंच्या मुळाशी एकच विद्या आहे, हे त्या कथाकाराला ठाऊक होते.

मराठी वाचकाच्या मनात मात्र नलकथेतला हंस राहिला, घोडे राहिले नाहीत. रघुनाथ पंडितांच्या आख्यानाने हंसाला अजरामर केले. श्रीहर्षाचे नैषधीय तर विवाह आणि त्यानंतरच्या दांपत्यसुखाच्या पलीकडे जातच नाही. पागेतला प्रसंग आणि बेहड्याखालची मोजणी यांना काव्यात जागा मिळाली नाही. ती विद्या राहिली बाजारात. शालिहोत्राच्या नावावर खपणाऱ्या पोथ्यांतून आणि सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेसारख्या घोडेबाजारांतून भोवऱ्यांची भाषा टिकून राहिली. गळ्यावरचा देवमण शुभ, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ, अमुक जागी भोवरा असलेले जनावर धन्याला मारक. यातले बरेचसे श्रद्धेचे, थोडेसे निरीक्षणाचे. भोवऱ्याने घोडा वेगवान होत नाही. पण भोवरे बघण्याच्या निमित्ताने जो माणूस शंभर घोड्यांची छाती, नाकपुड्या आणि खूर हाताखालून घालवतो, त्याला घोडा कळू लागतो, हेही तितकेच खरे.

इंग्रजांनी शर्यत आणली तेव्हा ही भाषा बदलली. मुंबईत आधी भायखळ्याला आणि १८८३ पासून महालक्ष्मीला शर्यती होऊ लागल्या. इंग्लंडात १७९१ पासून घोड्यांच्या वंशावळींची छापील नोंदवही सुरू झाली होती. आता शुभाशुभ अंगावर नव्हे, कागदावर पाहायचे. शर्यतीच्या पुस्तकातली एक ओळ घ्या. घोड्याचे नाव, वय, रंग, बाप, आई, पाठीवरचे वजन, जॉकी, ट्रेनर, मालक, आणि मागच्या काही धावांतले क्रमांक. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही ओळ सूत्रासारखी वाटावी, इतकी ती आखूड आणि भाष्याची भुकेली असते. मागच्या वेळी सातवा आलेला घोडा वाईट असतो असे नाही. तो नको त्या अंतरावर धावला असेल, ओल्या मैदानावर धावला असेल, किंवा त्याला धावू दिलेले नसेल. मुरलेला वाचक आकडा वाचत नाही, आकड्याचे कारण वाचतो.

पण या ओळीतला वजनाचा रकाना आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमअस्सल घोड्यावर कमी वजन, अशी वाटणी अधिकृत हँडिकॅपर करतो. त्याचा आदर्श असा की सगळे घोडे एकाच रेषेत अंतिम खांबाशी पोहोचावेत. म्हणजे जो ग्रंथ वाचून आपण शेवट ओळखू पाहतो, तो शेवट कोणालाच ओळखता येऊ नये अशा हेतूने लिहिलेला असतो. बाहुकासमोर असा लेखक नव्हता. त्याच्या कृश घोड्यांवर कोणी शिसे लादले नव्हते.

येथवरचे सगळे अश्वहृदय झाले. यानंतर खिडकीशी उभे राहावे लागते आणि तिथे दुसरी विद्या लागते. टोट ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसात निघाली. सर्वांनी लावलेले पैसे एका राशीत जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. तेव्हा कोणता घोडा जिंकेल एवढे कळून भागत नाही. इतरांना ते किती कमी कळले आहे, हेही कळावे लागते. सर्वांनी ओळखलेला उत्तम घोडा जिंकूनही हाती फारसे काही देत नाही. अमेरिकेत ग्रिफिथ यांनी १९४९ मध्येच दाखवले होते की शर्यतीचे शौकीन दूरच्या घोड्यांवर त्यांच्या योग्यतेहून अधिक पैसा लावतात आणि पसंतीच्या घोड्यांवर कमी. थोडक्यात, पाने मोजण्याच्या कामात लोक चुकतात, आणि एका ठरावीक दिशेनेच चुकतात.

न्यायालयापुढे हा वाद आला तो तामिळनाडूतून. त्या राज्याने शर्यतीवरची पैज हा जुगार ठरवणारा कायदा केला होता. डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वंश, शिक्षण, जॉकीचे कसब, हे सगळे अभ्यासाने जाणता येते, म्हणून निवड ही दैवाधीन नाही. निकाल वाचताना बाहुकाची पाग आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या मते मात्र न्यायालयाने अर्धीच कथा पाहिली. घोडा ओळखणे कौशल्य आहे, यात शंका नाही. पण पैज जिंकणे हे राशीच्या गणितावर ठरते, आणि त्या गणितात सर्वांत कुशल वाचकालाही आधी वजावट भरून काढावी लागते. करकायद्याने तर कौशल्याचा भेद पुसूनच टाकला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू-सेवा कर ठरला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. पैसा लावताना कॅसिनोतला माणूस आणि शर्यतीचे पुस्तक रात्रभर वाचून आलेला माणूस सरकारला सारखेच.

विदर्भातला शंकरपट या बाबतीत वेगळा दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला बैलजोड्यांच्या पटाची जुनी परंपरा आहे. झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक उभे राहते, हे नागपूरकडच्या रंगभूमीच्या अभ्यासकांना सांगायला नको. येथे छापील पुस्तक नसते. बैलाचा धनी, धुरकरी आणि दाणीच्या कडेला उभे असलेले शेतकरी जनावर डोळ्यांनीच वाचतात. मे २०१४ च्या निकालाने हे पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाले, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तिथला सगळा वाद जनावराच्या वेदनेविषयी होता, आणि तो योग्यच होता. महालक्ष्मीच्या घोड्याच्या पाठीवर चाबूक पडत असता १९९६ च्या वादात मुख्य प्रश्न पैजेचा होता, हे मात्र चटकन नजरेत भरते.

कुंडिनपूर म्हणजे वर्धेकाठचे आजचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. तेही अमरावती जिल्ह्यातच, तळेगावापासून फार दूर नाही. ऋतुपर्णाचा रथ सायंकाळी तिथे पोहोचला तेव्हा नगरात स्वयंवराची कसलीही तयारी नव्हती. नलाची ओळख पटली, पतिपत्नी भेटली. नलाने पुढे निषध देशास जाऊन पुष्कराशी एकच डाव खेळला आणि राज्य परत घेतले. त्यापूर्वी त्याने वाटेतले देणे फेडले होते. ठेव म्हणून राहिलेले अश्वहृदय ऋतुपर्णाला विधिपूर्वक दिले. ते घेऊन राजा अयोध्येस निघाला आणि महाभारतकार एवढेच नोंदवतात की जाताना त्याने दुसरा सारथी घेतला.