नवेगावचे पाणी

नवेगावच्या तलावाच्या पाळीवर मी प्रथम उभा राहिलो, तेव्हा बरोबरचे स्नेही उद्गारले, "अहो, हे तर अगदी नैनीताल!" मलाही क्षणभर तसेच वाटले. समोर विस्तीर्ण पाणी, सभोवती ऐन, मोह नि बांबू यांनी भरलेले डोंगर, आणि हिवाळ्यासाठी दूरदेशाहून उतरलेले बदकांचे थवे. रम्य स्थळ दिसले की त्याला परमुलखाचे नाव द्यावयाचे, ही आपली जुनी खोडच आहे.

पण नैनीताल निसर्गाने घडविले; हा तलाव माणसाने बांधला. गावाचे नावच मुळी 'नवेगाव बांध'. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांच्या मध्ये बांध घालून पाणी अडविले. सुमारे ११ चौरस किलोमीटरांचा हा विस्तार त्या बांधाने तोलून धरला आहे.

गंमत अशी की, परमुलखाची आठवण या पाण्याला खरोखरच जडलेली आहे; मात्र ती काशीची! चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना बरोबर घेऊन आला, असे कोहळी सांगत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही दंतकथा नोंदविली आहे. ती खरी मानावी की नाही, हा प्रश्न बाजूस ठेवू. मला नवल वाटते ते निराळेच. गंगेची आठवण सांगणाऱ्या या लोकांनी येथे दुसरी काशी वसविली नाही. त्यांनी वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधले, धान आणि ऊस पिकविला. आणि कोलू पाटील? तो येथलाच देव झाला. डोंगरावर कोलासुर म्हणून त्याचे ठाणे आहे. भोवतालच्या डोंगरांना 'सातबहिणी' म्हणतात. बांध घालताना त्यांनी त्याला साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे.

हे विसरणे महागात पडते. १९५१ साली या भागातील मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. मालगुजारीत जुलूम होता, ती गेली हे बरेच झाले; पण पाळ राखण्याची, गाळ उपसण्याची गावची जुनी घडीही तिच्याबरोबर विस्कटली, आणि पूर्व विदर्भातील कितीतरी तलाव-बोड्या उथळ झाल्या. निसर्गाची देणगी समजून जे नुसते पाहिले जाते, त्याची डागडुजी कोण करणार?

परतताना स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, "नैनीतालला जाल, तेव्हा तेथे नवेगावची आठवण काढा."