घटमांडणी, भेंडवळची

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे गाव आहे. तेथे अक्षय्य तृतीयेला येत्या वर्षाचे भाकीत पाहण्यासाठी जो विधी करतात, त्याला घटमांडणी म्हणतात. त्याचा मान वाघ घराण्याकडे आहे. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. अलीकडच्या काळात पुंजाजी महाराज व सारंगधर महाराज वाघ यांच्या तोंडून आलेली भाकिते वर्तमानपत्रांतून राज्यभर पोहोचली.

मांडणी तृतीयेच्या संध्याकाळी, गावाबाहेरच्या शेतात होते. मातीत गोल घट आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी अशी अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधोमध खड्डा करून त्यात चार ढेकळे मांडतात. ही ढेकळे म्हणजे जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजी, वडा असे सणाच्या ताटातले पदार्थ. पान-सुपारीही असते. त्यानंतर रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे घटाचे निरीक्षण होते. जे ढेकूळ जास्त भिजले त्या महिन्यात पाऊस जास्त आणि कोरडे राहिले त्या महिन्यात ओढ, असा अर्थ लावतात. धान्याचे दाणे जागचे हलले का, आत सरकले की बाहेर पांगले, यावरून त्या त्या पिकाचे भवितव्य सांगतात. काही दाण्यांचा मात्र पिकाशी संबंधच नाही. मसूर म्हणजे शत्रू, करडी म्हणजे देशाचे संरक्षण, भादली म्हणजे रोगराई. करंजीवरून तिजोरी पाहतात आणि पान-सुपारीवरून राजा व त्याची गादी. हे संकेत भाकितापेक्षा मोलाचे आहेत. पाऊस, चारा, साथीचे रोग आणि परचक्र यांना भिऊन जगणाऱ्या कोरडवाहू मुलखाने आपल्या काळज्यांची यादीच त्यांत मांडून ठेवली आहे. ‘देशाची अर्थव्यवस्था’ हा शब्द करंजीला उघडच नंतर चिकटला असावा.

भाकीत ऐकायला विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून शेतकरी येतात. वेळही नेमकी असते. खरिपाच्या पेरणीला महिना-दीड महिना उरलेला, बियाणे घ्यायचे असते, कपाशी किती आणि सोयाबीन किती हे ठरायचे असते. भारतीय हवामान खात्याचा पहिला मोसमी अंदाजही साधारण याच सुमारास, एप्रिलमध्ये येतो. पण तो दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत असतो आणि त्यात चुकीची मर्यादाही दिलेली असते. घटाचे बोलणे गावच्या भाषेत असते : पीक मोघम, भावात तेजी, राजा कायम.

या मोघमपणावरच आक्षेप आहे. पाऊस ‘कुठे कमी, कुठे जास्त’ हे विधान महाराष्ट्रात कोणत्याही वर्षी खोटे ठरणे कठीण. मातीच्या घागरीतून पाणी पाझरते आणि खालची ढेकळे कमी-जास्त भिजतात. उघड्यावर पडलेले दाणे मुंग्या, किडे आणि वारा हलवतात. त्यांचा पुढे येणाऱ्या मोसमी वाऱ्यांशी संबंध जोडायला आधार नाही, ही अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका असून तिने या भाकितांना जाहीर विरोध केला आहे. बरोबर आलेले भाकीत पारावर वर्षानुवर्षे सांगितले जाते, चुकलेले पुढच्या तृतीयेपर्यंतही टिकत नाही. बहुतेक भविष्यांचा लौकिक असाच वाढतो. तरीही येणारे सगळेच डोळे झाकून विश्वास ठेवतात असे मानणे चूक ठरेल. कित्येकांसाठी ती जत्रा आहे, आणि पेरणीच्या चर्चेला एक निमित्त.

महाराष्ट्रात भविष्य पाहण्याचे असे आणखीही प्रकार आहेत. पंचांगात मृग, आर्द्रा अशा पर्जन्यनक्षत्रांना बेडूक, म्हैस, कोल्हा, गाढव अशी वाहने दिलेली असतात व त्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. सहदेव-भाडळीच्या नावावर पावसाची वचने सांगितली जातात. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबा हेडाम (तलवार घेऊन केलेले नृत्य) खेळतात व भाकणूक करतात. तेथे भविष्य माणसाच्या मुखातून येते. भेंडवळला वाचणारा माणूस असला, तरी बोलायचे ते माती आणि दाण्यांनी.