राख, चिंच आणि रॉकेल

पितळेला राख चालते. ॲल्युमिनियमला मुळीच चालत नाही. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या आईच्या पिढीला ती कुणी सांगितलीच नाही. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन बायका ‘जर्मन’चे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, टोप घासघास घासायच्या, आणि टोप जास्तच काळवंडला की धातूला नावं ठेवायच्या. धातू बिचारा नवा होता, हात पितळेवर घडलेले होते.

खोट राखेतल्या क्षाराची. ॲल्युमिनियम उघडं पडलं की हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो. जाडी नॅनोमीटरमध्ये मोजायची, पण तोच त्याचं रक्षण करतो. क्षार तो पापुद्रा खातो, मग खालचा धातूही खातो. चिंच, लिंबू, आमसूल उलट वागतात. सौम्य आंबटपणानं काळपटपणा निघतो. टोपात नुसतं पाणी उकळत राहिलं की आतून काळं होतं आणि त्याच टोपात चिंचेची आमटी केली की आतून लख्ख. तो काळेपणा गेला कुठे, हे आमटी वाढताना विचारू नये.

हा धातू किती नवा, हे पाहण्यासारखं आहे. 1850च्या दशकात फ्रान्समध्ये सेंत-क्लेर देव्हील याने तो रासायनिक पद्धतीने काढला, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनला त्याचं केवढं कौतुक. सामान्य माणसाच्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नव्हता. तो आला 1886 साली, आणि त्याची सुरुवात घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये झाली याचा मला, शेडमध्येच दिवस काढणाऱ्या माणसाला, फार आनंद वाटतो. अमेरिकेत ओहायोतल्या ओबर्लिन गावी चार्ल्स मार्टिन हॉल हा बावीस वर्षांचा पोरगा वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडत होता. थोरली बहीण ज्युलिया, तीही रसायनशास्त्र शिकलेली, मदतीला होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये त्याच वयाच्या पॉल हेरूने हीच युक्ती शोधली. भाव कोसळले.

बारा वर्षांत तो धातू मद्रासला पोचला. 1898 मध्ये तिथल्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने ॲल्युमिनियमची भांडी घडवायला घेतली. पत्रा परदेशातून, हात इथले. हिशोब सरळ होता: तांब्या-पितळेची भांडी जड आणि महाग, शिवाय त्यांना वरचेवर कल्हई हवी, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. ॲल्युमिनियमला कल्हई नको. 1903 मध्ये हा उद्योग इंडियन ॲल्युमिनियम कंपनीकडे गेला. धातू मात्र पुढे कितीतरी वर्षं बाहेरूनच यायचा. 1943 मध्ये केरळात आलुव्याजवळ पहिली भट्टी पेटली, तेव्हा कुठे आपल्या देशात तो निघू लागला. कल्हईवाला ज्या वेगानं गल्लीतून नाहीसा झाला, त्याच्या मुळाशी मद्रासची ती शाळाही आहे. पुढे स्टीलनं उरलंसुरलं काम उरकलं.

मी टूलरूममधला माणूस. निवृत्तीनंतर पार्किंगच्या कोपऱ्यात एक टेबल, एक व्हाइस, एक छोटा बफ आणि एक पिलर ड्रिल मांडून बसतो. शेजारीपाजारी टोप आणतात, डब्यांची झाकणं आणतात. ॲल्युमिनियमचा स्वभाव मऊ. कानशीच्या दातात तो भरतो आणि मग तोच कण पत्र्यावर नवा चरा ओढतो. म्हणून कानशीला आधी खडू चोळायचा. पॉलिश पेपर कोरडा कधी चालवायचा नाही, रॉकेलात भिजवून चालवायचा: 320, मग 400, मग 600. टोप लेथवर साच्यावर दाबून काढलेला असेल तर त्याच्या अंगावर बारीक वर्तुळं असतात. त्या वर्तुळांच्या दिशेनंच हात फिरवायचा. आडवा फिरवला की आधीच्यापेक्षा वाईट दिसतो. मग बफ.

काळपट करड्या ॲनोडाइझ्ड भांड्याला मी हात लावत नाही. ते तंत्र 1923 च्या सुमाराचं, ब्रिटनमधलं, समुद्री विमानांचं ड्युरालुमिन, म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून शोधलेलं. विजेनं मुद्दाम वाढवलेला तो थर कठीण असतो. त्यावरचा खोल ओरखडा एका जागी घासून बुजत नाही. सगळा थर कॉस्टिक सोड्यात उतरवावा लागतो. जे काम राख नकळत करायची, तेच इथे जाणूनबुजून. घरी करू नये, हायड्रोजन निघतो.

खरी अडचण नावांची. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत: लग्नाची तारीख, देणाऱ्याचं नाव, कधी फक्त आडनाव. स्टीलवर ते यंत्रानं रेखीव येतं. ॲल्युमिनियमच्या डब्यावर मात्र कुणीतरी खिळ्यानं टोचून ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं असतं. खोली इतकी की काढायचं तर पत्रा पातळ होतो. लोक म्हणतात, नाव पुसा. मी म्हणतो, भोवतीचे ओरखडे काढतो, नाव राहू द्या.

जास्तच चरे असतील तर मी विमानवाल्यांची युक्ती वापरतो. लिंडबर्गनं 1927 मध्ये ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या नाकाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एकात एक गुंतलेल्या गोल चकत्यांची नक्षी आहे. ड्रिलमध्ये लाकडी दांडी धरायची, तिच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावायची, आणि अर्ध्या चकतीवर पुढची चकती टेकवत जायचं. चरे दिसेनासे होतात. नावाभोवतीची जागा सोडून बाकी झाकण असं भरून दिलं की गिऱ्हाइकाची तक्रार नसते. तळ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी चमकवत नाही. काळा तळ धग जरा लवकर ओढतो.