दहा हजार रुपये आणि बारा वर्षे

इन्फोसिस या कंपनीची हकीकत सांगणारे बहुतेक जण दहा हजार रुपयांपासून आरंभ करतात. सुधा मूर्ती यांनी अडीअडचणीसाठी बाजूला टाकलेली ही रक्कम पतीच्या हाती ठेवली आणि १९८१ साली तिच्या बळावर एका उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली गेली, ही कथा आता घरोघर ठाऊक आहे. ती खरीही आहे. परंतु हे भांडवल किती होते यापेक्षा ते पुरेनासे झाल्यावर हा उद्योग तगला कसा, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. २०२४ साली तीन लाखांहून अधिक माणसांना रोजगार देणारी ही कंपनी पहिली दहा वर्षे हातातोंडाची गाठ घालण्यातच गुंतली होती.

या कथेचे मूळ त्याआधीच्या एका अपयशात आहे. नागवार रामराव नारायण मूर्ती यांनी १९७६ च्या सुमारास पुण्यात ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ नावाची संस्था काढली होती. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे त्याला सांगणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, देशातील उद्योगांसाठी लिहून द्यावयाचे, अशी कल्पना होती. कल्पनेत दोष नव्हता. गिऱ्हाईक मात्र नव्हते. देशात संगणकच मोजके, आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांना आज्ञावलीसाठी निराळे पैसे मोजावेत हे पटत नसे. दीड-दोन वर्षांत संस्था बंद पडली आणि मूर्ती नोकरीत शिरले. ज्या मालाला येथे मागणी नाही तो जेथे मागणी आहे तेथेच विकला पाहिजे, एवढी एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात पक्की झाली. पुढच्या उद्योगाने पहिल्या दिवसापासून अमेरिकेकडे दृष्टी लावली, त्याचे कारण हे.

मुंबई-पुण्यातील पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स या कंपनीत काम करणारे सात अभियंते १९८१ साली एकत्र आले. मूर्ती यांच्याखेरीज नंदन नीलेकणी, एन. एस. राघवन, क्रिस गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा हे ते सहा जण. २ जुलै १९८१ रोजी पुण्यात कंपनीची नोंदणी झाली. न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन हे तिचे पहिले गिऱ्हाईक. म्हणजे सॉफ्ट्रॉनिक्सला जे शेवटपर्यंत गवसले नाही ते येथे आरंभीच हाती आले होते. उणीव होती ती संगणकाची.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीजवळ संगणकच नसावा, हे आज थट्टेसारखे वाटेल. पण त्या काळी परदेशी यंत्र आणावयाचे तर आयातीचा परवाना हवा. परवान्यासाठी दिल्लीचे हेलपाटे घालावयाचे. आणि तो मिळालाच तर सीमाशुल्क यंत्राच्या मूळ किमतीलाही मागे टाकी. बँकेकडे कर्ज मागावे तर तारण काय ठेवावयाचे? गिरणीवाल्याला माग दाखविता येतो, छापखानेवाल्याला यंत्र. आज्ञावली ही कागदावरची अक्षरे. दूरध्वनीची जोडणी मिळावयासच सुमारे एक वर्ष लागले. कामासाठी कोणी परदेशी निघाला तर परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी काढावी लागे आणि त्यात दिवसांवर दिवस जात.

तेव्हा उपाय एकच उरला: यंत्र येथे येत नाही, तर माणसांनी यंत्रापाशी जावयाचे. भागीदारांपैकी बहुतेक जण अमेरिकेत जाऊन गिऱ्हाइकाच्या कचेरीत, गिऱ्हाइकाच्याच संगणकावर काम करू लागले. यात पैसा मिळे, परंतु तो राबलेल्या तासांचा मोबदला. माणूस सुटीवर गेला की आवक थांबली. शिवाय पगार महिन्याच्या महिन्याला द्यावयाचा आणि देयकाचे पैसे मात्र गिऱ्हाईक सवडीने धाडणार, या दोहोंतील अंतर ज्याचे त्याने पदरमोड करून भरून काढावयाचे. सुधाबाईंनी घरखर्च आपल्या अंगावर घेऊन पतीला तीन वर्षांची मुदत दिली होती, असे त्यांनीच सांगितले आहे. खरे भांडवल, पाहू गेल्यास, ही मुदत होती. दहा हजारांचा बोलबाला झाला. महिन्याला घरात येणाऱ्या एका पगाराचा कोणी केला नाही.

१९८३ साली बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे ‘मायको’चे, काम मिळाले आणि कंपनीने पुण्याहून आपला मुक्काम तिकडे हलविला. डेटा जनरल कंपनीचा संगणकही त्याच सुमारास अखेर आला. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची वाट थोडी सैल केली. तरीही गाडी रुळावर आली असे म्हणता येत नाही. कर्ट सामन असोसिएट्स या अमेरिकन सल्लागार कंपनीशी केलेली भागीदारी १९८९ साली मोडली आणि त्याच वर्षी अशोक अरोरा बाहेर पडले. त्यांचा हा निर्णय आज अनेकांना चमत्कारिक वाटतो. आठ वर्षांच्या खटाटोपानंतर त्या वेळी जे दिसत होते ते पाहता त्यात चमत्कारिक काही नाही.

बाकीच्यांचा धीरही सुटत आला होताच. १९९० च्या हिवाळ्यात कंपनी दहा लाख डॉलरना विकत घेण्याची मागणी आली. एका शनिवारी सकाळी बंगळूरच्या लहानशा कचेरीत पाच संस्थापक त्यावर विचार करावयास बसले. मूर्ती यांनी पुढे एका जाहीर भाषणात ही बैठक वर्णिली आहे. चार तास तरुण सहकारी बोलत होते आणि सर्वांचा कल विकण्याकडे होता. नऊ वर्षांच्या कष्टांचे काही तरी पदरात पडेल, ही भावना अगदी स्वाभाविक. शेवटी मूर्ती बोलले. विकावयाचीच असेल तर तुमचे सर्वांचे हिस्से मीच घेतो, असे त्यांनी सांगितले. खिशात तर दमडी नव्हती! या बोलण्याने सारे स्तब्ध झाले. त्यानंतर तासभर त्यांनी आपली बाजू मांडली आणि सहकाऱ्यांनी विक्रीचा विचार सोडून दिला.

या प्रसंगाला नाट्याचा रंग आहे, आणि म्हणूनच तो थोडा जपून वाचला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि सरकारला सारे आर्थिक धोरण बदलावे लागले. परवाने गेले, चलनावरील बंधने सैल झाली. बंगळूरच्या त्या खोलीतील पाच माणसांना हे येणार असल्याचे ठाऊक असणे शक्य नव्हते. धोरण आणखी पाच वर्षे तसेच राहिले असते तर त्या दिवशीचा निर्धार हट्ट ठरला असता आणि तो सांगावयास कोणी उरलेही नसते. तशा जिद्दीने झगडून मिटलेल्या संस्था त्या दशकात असतीलच. त्यांच्या बैठकांची वर्णने कोणी लिहून ठेवत नाही. मूर्तींच्या पदरी एवढे श्रेय निश्चित जाते की वारा फिरला तेव्हा त्यांचे जहाज अजून पाण्यावर होते.

१९९२ साली भांडवल नियंत्रकाचे कार्यालय रद्द झाले आणि कंपन्यांना आपल्या समभागांची किंमत स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसने लोकांकडे भांडवल मागितले. दहा रुपयांच्या समभागाची किंमत पंच्याण्णव रुपये ठेवली होती. कारखाना नाही, गोदाम नाही, माल डोळ्यांना दिसत नाही, आणि वर पंचाऐंशी रुपयांचे अधिमूल्य. गुंतवणूकदारांनी पाठ फिरवली आणि विक्रीस काढलेले सर्व समभाग खपले नाहीत. अखेर मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकन संस्थेने सुमारे तेरा टक्के हिस्सा त्याच दराने उचलला, तेव्हा ती विक्री पार पडली. जूनमध्ये बाजारात समभागाची नोंद झाली आणि पहिला व्यवहार एकशे पंचेचाळीस रुपयांना झाला.